खिंडार बुजवण्याआधी

माझ्या भावाला एका जागी स्वस्थ बसलेलं मी फक्त न्हाव्याच्या खुर्चीत पाहिलंय, आणि तिथेही तो दर दोन मिनिटांनी "आटप रे बाबा" म्हणायचा. जेवायला बसला तरी एक गुडघा वर. बोलताना बोटांनी टेबलावर ठकठक, ठकठक. मी म्हणायची, "दादा, त्या टेबलानं तुझं काय घोडं मारलंय?" की हात मांडीखाली दाबायचा, आणि मग पाय हलायला लागायचा. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी त्याचं नाव भिंगरी ठेवलं होतं. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

काम काय, तर कुंपण. हायवेच्या दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण असतं ना, ज्याच्याकडे गाडीतून जाणारा एकही माणूस बघत नाही, ते धड ठेवायचं. छत्तीसच्या दगडापासून अठ्ठेचाळीसच्या दगडापर्यंत बारा किलोमीटर. आज डावी बाजू, उद्या उजवी. खांद्यावर तारेचं भेंडोळं, कमरेला पक्कड आणि हातोडी, अंगात नारिंगी जाकीट. उन्हातान्हात, पावसापाण्यात, सव्वीस वर्षं. आणि मला विचाराल तर त्याच्याइतकं त्या रस्त्यासाठी कुणी झिजलं नसेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याला बरंच बोलणार आहे.

कुंपण कशासाठी, असं विचारणारे शहाणे भेटतातच. अहो, गुरांसाठी! आमच्या बापाच्या वेळी कुंपणबिंपण काही नव्हतं. बाप सगळ्या वस्तीची गुरं राखायचा. रस्ता गुरांचाच होता, गाड्या मधूनमधून पाहुण्यासारख्या यायच्या. कळप आडवा आला की ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा, पाय मोकळे करायचा, शेवटचं वासरू पार झालं की बापाला विचारायचा, "झालं का?" मग डांबर आलं. पहिली म्हैस लॉरीखाली गेली तेव्हा लॉरीवाला दारोदार माफी मागत फिरला होता म्हणे. चूक त्याची होती ना! रस्त्यावर जनावर असणार, एवढं कळायला नको? मग रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, माणसं मरायला लागली, आणि हळूहळू चूकच या अंगावरून त्या अंगावर वळली. एक दिवस पाटी लागली, रस्त्यावर जनावर आढळल्यास मालक जबाबदार. तोच रस्ता, तीच म्हैस, पण आता माफी म्हशीच्या मालकानं मागायची. बापाला हे मरेपर्यंत पटलं नाही. "रस्ता गुरांच्या खुरांनी पडलाय," तो म्हणायचा, "इंजिनियर मागून आला." मागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय.

पण बाप चुकीचा होता, हेही सांगायला हवं. मी स्वतः रोज सकाळी त्याच रस्त्यावरून दुचाकी गाडीला दुधाचे कॅन लटकवून जाते. समोरून साठ-सत्तरच्या वेगानं येणाऱ्या गाडीला गाय दिसते तोवर उशीर झालेला असतो. दादाला ते तेव्हाच कळलं. एकोणीस वर्षांचा असताना तो लाल फडकं घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा, कळप पार होईपर्यंत. एकदा एक जीप थांबली ती त्याच्या पोटापासून वीतभर अंतरावर. घरी आला आणि बापाला म्हणाला, "एक तर गाड्या राहतील नाहीतर आपण." बापानं त्याच्याशी आठ दिवस अबोला धरला.

मग चौपदरी रस्ता झाला आणि कुंपण घातलं. ते कुणीतरी ऑफिसात बसून पट्टीनं आखलेलं. गुरांना पट्टी ठाऊक नाही. पहिल्याच महिन्यात गुरांनी कुंपण नऊ ठिकाणी पाडलं, आणि पुन्हा उभं केलं तर पुन्हा त्याच नऊ ठिकाणी. इंजिनियर चक्रावला. दादा त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, "साहेब, या जुन्या पायवाटा आहेत. मी दाखवतो." ह्या एका वाक्यावर त्याला नोकरी लागली. गुरांना रस्त्याखालून जायला बोगदा मात्र त्यांनी अशा ठिकाणी बांधला जिथून उभ्या जन्मात एक शेळी गेली नव्हती. तिथे आता पाणी साचतं आणि लपूनछपून भेटणारी पोरंपोरी उभी राहतात. तेवढाच उपयोग.

तर दादाची एक रीत होती, आणि ती नीट ऐका. कुंपणाला खिंडार पडायचं ते गुरांमुळे कमी, माणसांमुळे जास्त. बस पकडायची घाई, वळसा कोण घालणार, म्हणून लोक तारा कापून वाट करायचे. नवशिक्या माणूस खिंडार दिसलं की तार काढतो आणि बुजवतो. दादा तसं करायचा नाही. आधी खिंडारातून रस्त्याच्या बाजूला जायचा. तिथून एका अंगाला पुढच्या दगडापर्यंत चालत, मग मागे फिरून दुसऱ्या अंगाला मागच्या दगडापर्यंत. कुठे जनावर बाहेर राहिलंय का बघायचा. असलं तर हाकत आणून आत घालायचं, आणि मग तार ओढायची. "कारण काय," तो नव्या पोरांना सांगायचा, "उघडं खिंडार परवडलं, त्यातून गेलेली गाय त्यातून परत तरी येते. तू ते बुजवलंस तर ती दोन कुंपणांच्या मध्ये अडकली. मग ती रस्त्यावरच जाणार, तिला दुसरी जागाच ठेवली नाहीस तू." हे खात्याच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पोरं मागे हसायची. एका खिंडारासाठी दोन-अडीच किलोमीटर कोण चालणार?

माझं घर एक्केचाळीसच्या दगडाजवळ. नवऱ्याच्या सात गाई, पुढे गोठा, मागे कुरण, आणि कुरणाच्या टोकाला हायवेचं कुंपण. कुरणातून बाजूच्या कच्च्या रस्त्यावर निघायला एक फाटक, आणि तो कच्चा रस्ता हायवेला मिळतो. बस, एवढाच नकाशा. वहिनी गेल्यापासून दादा रोज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला यायचा. आला की आधी नवऱ्याला विचारणार, "दाजी, फाटक लावलंत?" नवरा म्हणणार, "लावलं हो." माझा नवरा तसा विसरभोळा आहे. चष्मा कपाळावर आणि शोधतोय सगळ्या घरभर. पण गाईंच्या बाबतीत नाही. गाईंच्या बाबतीत तो घड्याळ आहे. साडेपाचला धारा म्हणजे साडेपाचला, आणि गाईंनाही ते ठाऊक. कबरी सगळ्यांत पुढे, बाकीच्या मागे, न बोलावता गोठ्यात.

त्या दिवशी साडेपाच वाजले आणि गाई आल्या नाहीत. नवरा कुरणात गेला, हाका मारल्या. कुंपणाकडे नजर टाकली तर चारही तारा ताठ, चकाचक. म्हणजे हायवेकडे गेल्या नसणार, असं समजून तो उलट्या बाजूला, ओढ्याकडे शोधत गेला. मी भांडी घासत होते. सहा वाजले असतील, तिन्हीसांजेची वेळ, ना धड उजेड ना अंधार. आणि मग तो आवाज आला. ब्रेकचा आधी, मग दुसरा. मी हातातली कढई टाकून धावले. नवराही धावला, फाटक उघडून, कच्च्या रस्त्यानं.

पाववाल्याची व्हॅन होती. झाडाला जाऊन आदळली होती, मागचं दार उघडून पावाचे ट्रे सगळ्या रस्ताभर. कबरी तिथेच पडली होती. बाकीच्या सहा रस्त्याच्या कडेला एकमेकींना चिकटून उभ्या. आणि पाववाला... सव्वीस वर्षांचा पोरगा हो. मला रोज सकाळी समोरून भेटायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा, मी हात करायची. त्याचं नाव मला तोवर ठाऊकही नव्हतं. तो हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही.

पोलीस आले, त्यांनी फाटक पाहिलं. सताड उघडं. नवरा म्हणाला, "आत्ता धावताना मी उघडलं, त्याआधी लावलेलं होतं." असं कुणीही म्हणेल. चौकशीचे साहेब दुसऱ्या दिवशी गाडीतून कुंपणाच्या कडेनं हळूहळू गेले, काच खाली करून. कुंपण अखंड. दादाची नोंदवही मागवली. त्यात दादाच्या अक्षरात लिहिलेलं, दुपारी चार दहा, एक्केचाळीसच्या दगडापुढे खिंडार बुजवले. झालं! कुंपण चार वाजल्यापासून पक्कं, अपघात सहाला, म्हणजे गाई फाटकातूनच गेल्या. सव्वीस वर्षांत या माणसाच्या पट्ट्यात कुंपणाच्या चुकीनं एक अपघात नाही, साहेब म्हणाले, याची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आणि ती रेघ माझ्या नवऱ्याच्या गळ्यावर ओढली गेली. निष्काळजीपणानं माणसाचा जीव घेतला, असा गुन्हा. पाच वर्षांपर्यंत आत जावं लागेल, वकील म्हणाला. साठीला टेकलेला माणूस.

इकडे आड तिकडे विहीर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. भावाची नोंद खरी मानली तर नवरा खोटा. नवऱ्याचं खरं मानलं तर भाऊ खोटा. आणि मी काय केलं सांगू? मी नवऱ्याला झापलं. "तुम्हीच टाकलं असणार उघडं! चष्मा डोक्यावर ठेवून शोधणारा माणूस तुम्ही!" दुसऱ्या दिवसापासून तो फाटकाशी जायला लागला. कडी लावायची, चार पावलं यायची, परत जाऊन बघायची. दिवसातून वीस वीस वेळा. जेवता जेवता उठायचा. मी खिडकीतून बघायची आणि मला रडूही यायचं आणि संतापही.

दादा रोज येत होता. एक दिवस चुकला नाही. पूर्वी वटवट करायचा, आता खाली मान घालून जेवायचा. नवरा एकदा त्याला म्हणाला, "दादा, मी फाटक लावलं होतं हो. निदान तुम्ही तरी साहेबांना सांगा, हा माणूस असा नाही म्हणून." दादाची बोटं टेबलावर चालू. म्हणाला, "मी सांगून काय होणार, दाजी." आणि मी मूर्ख, मला वाटलं, भाऊ आपल्या दुःखानं खचलाय! नवऱ्याला म्हटलंही, "बघा, इतर नातेवाईक फिरकत नाहीत. भाऊ असावा तर असा." त्याला जास्तीची भाजी वाढत होते मी.

बाविसाव्या दिवशी दुपारी नवरा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती. म्हणाला, "अगं, कदाचित मी टाकलंही असेल उघडं. आता आठवतच नाही. उद्या कबूल करून टाकतो, म्हणजे सगळ्यांचा जीव सुटेल." दोन तासांपूर्वी जेवलाय का नाही हे त्याला आठवत नसेल, पण पंचवीस वर्षांत एक दिवसही तो ते फाटक लावायला विसरला नव्हता. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून मीच त्याला या टोकाला ढकललं होतं. घरात बसवेना. उठले आणि कुरणातून सरळ कुंपणापाशी गेले. काय शोधायला गेले, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

दादाचं काम कुठलं ते मी डोळे मिटून सांगेन. तारेची टोकं तो कधी बाहेर ठेवत नाही, वळवून आत दडपतो, म्हणजे जनावराची कातडी फाटत नाही. त्या तशा गाठी नव्या तारेवर चकाकत होत्या. चार तारा, बारा गाठी. बाराही सुबक. मी वाकून पाहिलं तर तिसऱ्या तारेच्या गाठींत केस अडकलेले. पांढरे, तांबडे, एकात एक. कबरीचे. आणि ते रस्त्याच्या अंगानं अडकलेले, आतल्या अंगानं नाही.

मग मी तारांतून पलीकडे पाहिलं. गाय चालता चालता शेण टाकते तेव्हा ते लांबवर सांडत जातं. उभी राहून टाकते तेव्हा त्याचा ढीग होतो. कुंपणाला लागून पलीकडे ढीग होते, वाळून खडखडीत झालेले, दहा-बारा, एका ओळीत. गवत तुडवून तुडवून जमीन उघडी पडली होती. बाकी सगळीकडे हिरवं, तेवढाच पट्टा मातीचा. गाई तिथे उभ्या होत्या. खिंडारातून गेल्या होत्या चरायला, आणि साडेपाचला, धारेच्या वेळेला, ज्या वाटेनं गेल्या त्याच वाटेनं परत आल्या होत्या. सगळ्या सातजणी. दार बंद. कबरीनं अंगानं तार रेटून पाहिली असणार. घर समोर दिसतंय, गोठा दिसतोय, आणि जाता येत नाही. नवरा हाका मारत कुरणात आला तेव्हा त्या अजून वळणामागून येत असतील, आणि कुंपणाशी पोचल्या तोवर तो ओढ्याकडे गेलेला असेल. मी तिथेच बसकण मारली आणि हमसून हमसून रडले. गाईंसाठी, त्या पोरासाठी, आणि फाटकाशी वीस वेळा जाणाऱ्या माझ्या म्हाताऱ्यासाठी.

संध्याकाळी दादा आला. मी त्याला चपला काढू दिल्या नाहीत. दंडाला धरून कुरणातून ओढत नेलं, त्याच्या दुखऱ्या गुडघ्याचा विचार न करता, आणि तिथे उभं केलं. "बघ," म्हटलं.

त्यानं पाहिलं. त्याच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. मी वाट बघत होते की तो कपाळावर हात मारेल, मटकन बसेल. तो नुसता उभा.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"दुसऱ्याच दिवशी आलो होतो इथे," तो म्हणाला. "साहेबांच्या आधी."

"अरे, मग हे केस काढून का नाही टाकलेस? पाच मिनिटांचं काम! शेण पायानं उडवायचंस! आम्हाला कधी कळलंही नसतं!"

"पक्कड लावली होती. दोनदा." त्याचा हात कमरेच्या पकडीवर गेला आणि तिथून निघाला. "नाही काढवले. म्हटलं, असू दे. कुणीतरी बघेल. साहेब बघतील, पोलीस बघतील. पण कुणी गाडीतून खाली उतरलंच नाही गं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बघायला दुसऱ्याचे डोळे लागतात, सांगायला तुझं तोंड नव्हतं? बावीस दिवस! बावीस दिवस तू माझ्या ताटात जेवतोयस, आणि समोर तो माणूस वेडा होतोय, आणि तू भाजी मागून घेतोस?"

"मागितली नाही मी," तो म्हणाला. "तू वाढत होतीस."

मी त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं. मोठा भाऊ आहे, आठ वर्षांनी मोठा, जन्मात कधी उलटून बोलले नव्हते. तो हलला नाही. मग म्हणाला, "गुडघा. दगडापर्यंत जाऊन यायचं म्हणजे जीव जायचा. दोन महिने झाले, मी जातच नव्हतो. खिंडाराशी उभा राहून दोन्हीकडे नजर टाकायचो आणि बुजवायचो. त्या दिवशी त्या वळणामागे होत्या. शंभर पावलं गेलो असतो तर दिसल्या असत्या."

त्याच्या गुडघ्याचं मला ठाऊक होतं. रोज तेल मीच चोळून देत होते. खात्याला कळलं तर टेबलापाशी बसवतील आणि बसवलं तर हा माणूस मरेल, म्हणून आम्ही दोघांनी ते लपवलं होतं. निवृत्तीला सहा महिने राहिले होते, तेवढे निभावतील असं वाटलं. तेव्हा दोष माझ्याही पदरात आहे, मी नाकारत नाही. पण गुडघा एक आणि जीभ एक. गुडघ्याबद्दल मी त्याला कधी बोलले नाही, अजूनही बोलत नाही.

"उद्या तो कबूल करणार आहे," मी म्हटलं. "तू उद्या बोलला नाहीस तर मी बोलेन. आणि मग मला भाऊ नव्हताच असं समजेन." तो न जेवता गेला. मी घरात येऊन नवऱ्याचे पाय धरले. तो बिचारा घाबरला, म्हणे, "काय झालं, कोण गेलं?"

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि फिरताना कुरकुरणारा पंखा. टेबलापलीकडे साहेब. एका भिंतीशी आम्ही दोघं, समोरच्या भिंतीशी पाववाल्याची आई, काळी शाल घट्ट लपेटून. ती आत आल्यापासून माझ्या नवऱ्याकडे बघत होती, पापणी न हलवता. दादा दाराशी उभा. खुर्ची दिली तर नको म्हणाला.

साहेबांनी नोंदवही वाचली, फाटकाचे फोटो पाहिले, आणि नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" नवरा उठायला लागला. रात्रीच मी त्याला सगळं सांगितलं होतं, तरी तो उठायला लागला, भित्र्या माणसाला विचारलं की तो उठतोच. मी त्याची बाही ओढून धरली आणि दाराकडे पाहिलं.

"साहेब, मला बोलायचंय," दादा म्हणाला.

"तुमची नोंद चोख आहे. तुमचं काही नाही यात."

"नोंद खरीच आहे. चार दहाला बुजवलं. पण बुजवण्याआधी गाई कुठल्या बाजूला आहेत ते पाहिलं नाही. त्या रस्त्याच्या बाजूला होत्या. परत आल्या तेव्हा मी दार लावून गेलेलो. शेण आहे अजून तिथे, केस आहेत तारेत. चला, दाखवतो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आधी दोन्ही दगडांपर्यंत जाऊन बघायचं, असा नियम कुठे आहे?"

"पुस्तकात नाही. माझा आहे."

"मग पुस्तकातला नियम तुम्ही मोडलेला नाही." साहेब सावकाश बोलत होते, लहान मुलाला घास भरवावा तसे. चूक कुंपणाची ठरली तर ती खात्याच्या गळ्यात येणार, हे मलासुद्धा कळत होतं. "सहा महिने राहिलेत तुमचे. घाईनं काही बोलू नका."

"घाई?" दादा म्हणाला. "तेवीस दिवस लागलेत, साहेब."

साहेबांना शेवटी खुर्चीतून उठून गाडीतून उतरावं लागलं, पलीकडे जाऊन वाकून बघावं लागलं. दादाला त्याच दिवशी कामावरून काढलं. पुढे महिन्याभरात खात्याचं पत्रक निघालं, खिंडार बुजवण्याआधी दोन्ही बाजूंना दगडापर्यंत पाहणी करावी, एकट्यानं नव्हे, जोडीनं. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात तसं. नवऱ्यावरचा गुन्हा मागे घेतला. पण हे सगळं नंतरचं. त्या खोलीत आधी पाववाल्याची आई उठली.

ती दादासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही माझ्या घरी आला होतात."

मी चमकले. दादानं मान हलवली.

"दहाव्या दिवशी. दारात उभे राहिलात. मी विचारलं कोण पाहिजे, तर पाणी मागितलंत. प्यालात आणि गेलात. मला वाटलं, पत्ता चुकलाय कुणीतरी." तिनं माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "पोरगा गेला त्या दिवसापासून आजपर्यंत रोज सकाळी उठल्याबरोबर मी या माणसाला शाप दिलेत. याच्या घरात कुणी उरू नये म्हणाले. ते पाणी पिताना तुम्ही बोलला असतात, तर तेरा दिवसांचे शाप तरी वाचले असते."

मग ती आमच्याकडे आली, नवऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "मी परत घेते हो. सगळे परत घेते." नवरा रडायला लागला. मला त्याला आवरता येईना, कारण मीच रडत होते. दादाकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. शाल सावरून ती निघून गेली.

बाहेर आलो तेव्हा दादा ऑफिसच्या फाटकापाशी उभा होता. नवरा, देवमाणूसच तो, त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "दादा, चला. घरी चला, जेवायला."

दादानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा भाऊ माझा. पण मला त्याच्याकडे बघून त्या बाईचं दार दिसलं, आणि पाण्याचा तो पेला.

"आज नको," मी म्हटलं. "आज आम्हा दोघांनाच जेवू दे."

"बरं," तो म्हणाला आणि रस्त्याच्या कडेकडेनं चालायला लागला.